एकोणसत्तर जीबी कुठे गेले

१

अध्यक्षांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. लिहिलं पुष्कळ वेळा. पाठवलं एकदाही नाही. पहिल्या मसुद्यात नुसतं ‘होय’ लिहिलं, ते उद्धट वाटलं. दुसऱ्यात ‘बहुधा होय’ लिहिलं, ते भित्रं वाटलं. तिसऱ्यात मी विषय सोडून फितींच्या कपाटाला आलेल्या ओलीबद्दलच लिहीत गेलो. शेवटी पत्र शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश वरच्या फळीवर.

अध्यक्ष माझ्यापासून दोन खोल्या पलीकडे बसतात. तरी त्यांचं प्रत्येक पत्र टपालानं येतं. “तोंडचं हवेत जातं, टपालाला शिक्का असतो,” असं ते म्हणतात. या पत्रात दोनच वाक्यं होती: ‘आपण फीतकक्षात रोज बसता. सहायिकेने क्रमांक एकची डिस्क पिशवीत घालून संस्थेबाहेर नेल्याचे आपण पाहिले असल्यास तसे लेखी कळवावे.’

मी पाहिलं होतं. तीच तर पंचाईत.

आमची संस्था आवाज जपते. संस्थापकांनी उभं आयुष्य खांद्याला ध्वनिमुद्रक अडकवून माणसं गाठली: दीपगृहाचा राखणदार, नावाडी, घंटा ओतणारे कारागीर, सुईणी, गिरणीत माग चालवणाऱ्या बायका. प्रत्येकाला एकच विचारलं, तुमचं काम कसं करतात ते सांगा. ती माणसं आता नाहीत, त्यांची बरीचशी कामंही नाहीत. आवाज आहेत. पण फिती म्हाताऱ्या झाल्यात. एकदा वाजवली की फितीवरचा तपकिरी लेप भुशासारखा गळतो आणि मागे नुसती पारदर्शक पट्टी उरते. म्हणजे प्रत्येक फीत वाजवायची संधी एकच, आणि ती वाजत असतानाच आवाज संगणकात उतरवून घ्यायचा.

हे काम जी करते तिला सगळे टेपताई म्हणतात, वयानं ती माझ्या मुलीएवढी असली तरी. तिच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून मी कार्डं लिहितो आणि वस्तूंवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवतो. घरी पुस्तकात डोकं खुपसून बसण्यापेक्षा बरं, एवढंच माझं तिथलं महत्त्व.

आवाज ठेवायला चिटणीसांनी दोन डिस्क आणल्या होत्या. वहीच्या अर्ध्या पानाएवढ्या काळ्या डब्या; एकाच दुकानातून, एकाच दिवशी सीलबंद घेतलेल्या, दोन्हींच्या खोक्यांवर एक हजार जीबी छापलेलं. पहिलीवर टेपताई आवाज उतरवत गेली. ते काम संपल्यावर चिटणीसांनी स्वतः बसून पहिलीवरचं सगळं दुसरीवर उतरवलं, म्हणजे एक बिघडली तर एक राहील. मग अध्यक्षांनी खात्री करायला दोन्ही आपल्या संगणकाला लावल्या. दुसरीची क्षमता बरोबर हजार जीबी दिसली. पहिलीची नऊशे एकतीस.

एकोणसत्तर जीबी कमी.

अध्यक्षांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “साहेब, सगळ्या तशाच दिसतात. संगणक कमीच दाखवतो.”

“मग दुसरी पूर्ण कशी दाखवतो?”

पलीकडे त्यानं दुकानातल्या कुणाला तरी विचारलं. मग, “ते मला नाही सांगता यायचं, साहेब.”

अध्यक्षांना तेवढं पुरलं. त्यांचं म्हणणं असं की टेपताईनं संस्थेची खरी डिस्क आवाजांसकट बाहेर कुणाला तरी दिली आणि तिच्या जागी हलक्या प्रतीची आणून ठेवली. महिनाअखेर काम सोडावं, असं पत्र तिला गेलं, अर्थात टपालानं. आणि साक्षीसाठी एक मला आलं.

२

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि शब्दकोडं अडलं की खाली येतात. नोकरीभर त्या वजनमापे निरीक्षक होत्या. दुकानादुकानांत जाऊन तराजू, वजनं, मापं तपासायची, खोटी निघाली तर जप्त करायची. त्यांना लांबून येताना पाहिलं की बाजारातली माणसं आधी तराजू पुसायची आणि मग हसायची.

त्या दिवशी त्यांनी शब्दकोश खाली काढला आणि पत्र जमिनीवर पडलं.

“भावजी, हे काय? या वयात प्रेमपत्र?”

“अध्यक्षांचं आहे.”

“म्हणजे प्रेम नाहीच.” त्यांनी चष्मा लावून वाचलं. “आणि तारीख बघा यावरची. इतके दिवस काय करत होतात?”

“मसुदे.”

“अहो, लोकांनी तेवढ्या वेळात कादंबऱ्या लिहिल्यात.”

मी सगळं सांगितलं. मला सरळ सांगता येत नाही. मध्येच मागे जातो, जे सांगितलं त्याबद्दल शंका काढतो. वहिनींनी मला दोनदा मूळ गोष्टीवर आणून सोडलं.

“आता मी विचारते तेवढंच बोला. दोन्ही डिस्क एकाच संगणकाला लावल्या?”

“हो. अध्यक्षांच्या. त्यांचा आणि टेपताईचा, दोन्ही संगणक सारखेच आहेत. मी तिथेच होतो, चहा घ्यायला बोलावलं होतं. एक काढली, दुसरी लावली.”

“खोक्यांवर आकडा एकच?”

“एकच. मी कार्डावर उतरवलाय.”

“ती मुलगी चोर आहे असं वाटतं तुम्हाला?”

“मला काय वाटतं, याला तसा काही...”

“भावजी.”

“नाही वाटत,” मी म्हणालो. “पण ती डिस्क पिशवीत घालताना मी पाहिलंय. रोज संध्याकाळी न्यायची, सकाळी आणायची.”

“चोर माल परत आणून देतो का?”

“अध्यक्ष म्हणतात, शेवटच्या दिवशी आणली ती दुसरीच.”

वहिनींनी पत्राची घडी घातली आणि ते पुन्हा शब्दकोशात ठेवलं. त्या काही ठरवत असल्या की बांगडी मनगटावर वर सरकवतात. आता बांगडी कोपराकडे निघाली होती.

“उद्या मी येते तुमच्या संस्थेत. ती कमी दाखवणारी डिस्क मला बघायचीही नाही.”

“मग?”

“पूर्ण दाखवणारी बघायची आहे. भीती मला तिची वाटते.”

३

आम्ही गेलो त्या दिवशीही टेपताई कामाला आली होती. काढून टाकल्याचं पत्र पर्समध्ये, आणि समोर ती फितींची रिकामी चक्रं ओल्या फडक्यानं पुसत होती.

“काका, यांना बसायला द्या ना,” ती म्हणाली. मी खुर्ची पुढे करायला विसरलो होतो.

वहिनी बसल्या. “डिस्क घरी का नेत होतीस गं?”

“ऐकायला.”

“इथे ऐकता येत नाही?”

टेपताईनं खिडकीकडे बोट केलं. खाली चौक आहे. दिवसभर गाड्यांचे भोंगे. “इथे मला माणसाचं बोलणं ऐकू येतं. त्याच्या मागचं नाही. कुठे लेप गळालाय, कुठे आवाज बुडालाय, ते शांततेतच कळतं. घरी सगळे झोपले की मी कानाला लावून बसायची. सासूबाई म्हणतात, ही मेलेल्या माणसांशी जास्त बोलते.”

“सगळं ऐकायचीस? पहिल्यापासून?”

“शेवटापासून,” टेपताई म्हणाली. “आधी शेवटची फीत, आणि तिचीही आधी शेवटची पाच मिनिटं. सुरुवात सगळ्यांचीच चांगली असते. काही बिघडलं असलं तर ते शेवटाला असतं.”

वहिनींनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला ओळखता येतं, कारण माझ्या वाट्याला ती कधी आलेली नाही. आदर होता.

“आणि दुसरी डिस्क? तीही अशी ऐकलीस?”

“मला दिलीच नाही ती. चिटणीससाहेबांनी कॉपी केली आणि कपाटात बंद केली.” तिनं फडकं पिळलं. “मावशी, माझं काम जाईल ते जाईल. दुसरीकडे मिळेलही, पण चोरी केली असं म्हटल्यावर कोण देणार? माझी मुलगी विचारते, आई, तू काय घेतलंस? तिला काय सांगू? आणि आता तर दुपारी दुकानातला माणूस येणार आहे.”

“कशाला?”

“पहिली डिस्क परत न्यायला. अध्यक्षांनी तक्रार केलीय ना, कमी क्षमतेची म्हणून. मी बदलली म्हणतात, तरी भरपाई दुकानाकडूनही मागतात. दुकानवाले बदलून देतात. पण परत घेतलेली आधी पुसतात, कोरी करतात. अध्यक्ष म्हणाले, पुसू देत, सगळं दुसरीवर आहेच.”

वहिनी उठल्या. इतक्या झटकन उठलेल्या मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

४

अध्यक्षांच्या खोलीआधी चिटणीसांचं टेबल लागतं. चिटणीस हा मोठा लाघवी माणूस. कुणाचाही चहा चुकू देत नाही. माझ्याशी तर तो वडिलांशी बोलावं तसं बोलतो.

“या, या. काकांच्या वहिनी म्हणजे आमच्याही वहिनी. बिस्किटं घ्या.”

वहिनींनी एक घेतलं. “दुसरी डिस्क दुकानातून आणली, मग कुठे ठेवलीत?”

“सरळ कपाटात. काकांनी चिठ्ठी लावली, मी कुलूप लावलं. कॉपी करायच्या दिवशी काढली ती पहिल्यांदाच. विचारा की काकांना.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. कुणी इतक्या विश्वासानं पाहिलं की माझी मान आपोआप डोलते.

“कॉपी करताना काही अडचण?”

“छे. संगणकानं शेवटी दाखवलं, पूर्ण झालं. नावं सगळी आली. आणि पाहा, क्षमता पण पूर्ण हजार. या टेपताईनं असं करायला नको होतं हो. वाईट वाटतं.”

त्याला खरंच वाईट वाटत असावं. तो हे म्हणताना बिस्किटांच्या बशीकडे पाहत होता.

अध्यक्षांनी आम्हाला उभं ठेवलं नाही, एवढं मान्य करायला हवं. वहिनींनी ओळख सांगितल्यावर तर ते स्वतः उठले. त्यांच्या वडिलांचं दुकान होतं आणि वहिनींनी एकदा त्यातला तराजू जप्त केला होता, हे त्यांनी आपण होऊनच सांगितलं.

“कोणता हो तराजू?”

“पितळी पारड्यांचा.”

“आठवला. डाव्या पारड्याखाली मेण होतं.”

अध्यक्षांनी किल्ली काढली. त्यांनी कपाट उघडून दोन्ही डिस्क टेबलावर ठेवल्या. चिटणीसही आत येऊन दाराशी थांबला, टेपताई त्याच्या मागे.

वहिनींनी डिस्क आधी हातात घेतल्या, डाव्यात एक, उजव्यात एक. डोळे मिटले. मग हात बदलले.

“वजन सारखंच आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“वजन आहे. पण पहिलीचं सगळीकडे आहे, दुसरीचं एका कोपऱ्यात.” त्यांनी दुसरी टेबलावर ठेवली आणि तिच्यावरची चिठ्ठी न्याहाळली. “भावजी, अक्षर तुमचं?”

“माझंच.”

“बरं.” त्यांनी पहिली संगणकाला लावायला सांगितली आणि तिच्यावर तळहात ठेवला. मला म्हणाल्या, “ठेवा हात.” मी ठेवला. आत काहीतरी फिरत होतं. झोपलेल्या मांजरासारखी हलकी गुरगुर जाणवत होती. मग दुसरी लावली. तिच्यावर हात ठेवला तर काहीच नाही. दगडावर ठेवावा तसं.

“आता अध्यक्षसाहेब, एक कागद द्या. तुमचे एकोणसत्तर जीबी मी परत करते.”

५

पुढचं त्यांनी जसं सांगितलं तसं मी लिहितो आहे. आकड्यांच्या बाबतीत माझ्यावर विसंबू नये, पण हे मी घरी जाऊन पुन्हा करून पाहिलं आणि ते जमलं.

“समजा, हजार गज कापड आहे,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या गजानं मोजलं तर हजार. माझा गज जरा लांब असला तर तेच कापड कमी भरणार. कापड कुणी कापलं का?”

“नाही.”

“डिस्क बनवणारा कारखाना तुमच्या-आमच्यासारखा हजारानं मोजतो. हजार बाइटचा एक केबी, हजार केबींचा एक एमबी, हजार एमबींचा एक जीबी. पण संगणकाला हजार ही गोल संख्या वाटत नाही. त्याचं सगळं दुपटीत चालतं. दोन, चार, आठ, सोळा, असं वाढत गेलं की हजाराच्या जवळ जी संख्या लागते ती एक हजार चोवीस. तो तिलाच आपला हजार मानतो. त्याचा गज लांब.”

त्यांनी कागदावर १००० लिहिलं. “पहिल्या पायरीला चोवीसाचा फरक. एक हजार, भागिले एक पूर्णांक शून्य चोवीस.” खाली ९७६ लिहिलं. “दुसऱ्या पायरीला पुन्हा.” ९५३. “जीबीपर्यंत पोचायला तीन पायऱ्या. तिसरी.”

त्यांनी तिसरा आकडा लिहिला नाही, पेन्सिल अध्यक्षांपुढे केली. अध्यक्षांनी गणकयंत्र काढून भागलं. मग पुन्हा भागलं.

“नऊशे एकतीस,” ते म्हणाले.

किती सुंदर होतं ते. मी भाषेचा माणूस, आकडे मला नेहमी परके वाटले. पण तीन भागाकारांत एका बाईची अब्रू परत येते हे मी डोळ्यांनी पाहिलं. टेपताई दाराशी उभी होती, तिनं भिंतीला हात टेकवला.

“निवृत्तीच्या आधी माझ्या कार्यालयात दर महिन्याला दोन-चार जण अशी खोकी घेऊन यायचे,” वहिनी म्हणाल्या. “फसवलं म्हणायचे. मी त्यांना हाच गज दाखवून परत पाठवायची. कुणी कमी दिलेलं नसतं. दोघंही खरं बोलतात, फक्त मापं दोन आहेत. पहिली डिस्क अगदी प्रामाणिक आहे.”

अध्यक्ष पटकन हार मानणाऱ्यांतले नाहीत. “काही संगणक तर पूर्ण हजारही दाखवतात. माझ्या भाच्याचा दाखवतो.”

“दाखवतात. काही संगणक कारखान्याच्या गजानं मोजतात. म्हणून तर मी आधी विचारून घेतलं की दोन्ही डिस्क एकाच संगणकाला लावल्या का. तुमचा संगणक लांब गजानं मोजतो. मग त्याच गजानं दुसरी पूर्ण हजार कशी भरली?”

अध्यक्ष पडद्याकडे वळले.

“तिची माहिती उघडा. जीबीच्या शेजारी बाइटचा लांबलचक आकडा असतो, तो वाचा. तो आकडा कुठल्याच गजाचा नसतो, एकेक धागा मोजलेला असतो.”

अध्यक्षांनी पडद्यावर बोट ठेवून अंक मोजले. पहिलीचा आकडा जवळजवळ नेमका एक लाख कोटी होता, म्हणजे खोक्यावरचा. दुसरीचा एक लाख सात हजार कोटींच्या वर.

“म्हणजे खोक्यावर छापलंय त्याहून सात हजार कोटी बाइट जास्त,” वहिनी म्हणाल्या. “मी इतकी वर्षं बाजारात फिरले. चुकून कमी देणारे पाहिले, मुद्दाम कमी देणारे पाहिले. जास्त देणारा कारखाना नाही पाहिला. खोटं वजन बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या मनातला आकडा ठाऊक असतो. गिऱ्हाइकाला हजार दिसायला हवेत ना, मग दाखवा हजार. खरं माप असं लाडीगोडी लावत नाही.”

“पण आवाज आहेत तिच्यावर,” दारातून चिटणीस म्हणाला. “मी वाजवून पाहिलाय. आत्ता वाजवतो.”

तो पुढे आला आणि त्यानं यादीतलं पहिलं नाव उघडलं. खोलीत नावाड्याचा आवाज भरला, स्पष्ट, खणखणीत. भरतीला होडी किनाऱ्याशी कशी आडवी धरायची ते तो सांगत होता.

अध्यक्षांनी वहिनींकडे पाहिलं. “ऐकलंत?”

६

वहिनींनी बांगडी वर सरकवली. त्या चुकल्या असं मला वाटलं. कुणी चुकलं की मला ते स्वतःचंच वाटतं.

“टेपताई,” त्या मागे न बघता म्हणाल्या, “तू कुठून ऐकतेस?”

टेपताई पुढे आली. तिनं यादी खाली, अगदी खाली नेली आणि शेवटचं नाव उघडलं. दीपगृहाचा राखणदार. नाव होतं, लांबी होती, तारीख होती. आवाज आला नाही. तिनं त्याच्या वरचं उघडलं, मग त्याच्याही वरचं. सुईण मुकी, घंटा ओतणारा मुका, गिरणीतल्या बायका मुक्या. ती वर वर जात राहिली आणि दर वेळी मान कलती करून थांबली, जणू आपलंच ऐकण्यात काही कमी पडतंय. यादीच्या पार वरच्या टोकाला पोचल्यावर कुठे एक आवाज लागला.

“आतली खरी जागा एवढीशीच आहे,” वहिनी म्हणाल्या. “तेवढी भरल्यावर पुढचं सगळं ती घेते असं म्हणते आणि सोडून देते. नाव लिहून ठेवते, माणूस नाही.”

चिटणीसाकडून पेचकस मागवून अध्यक्षांनी स्वतः ती डबी उघडली. आत फिरणारं काही नव्हतं. नखाएवढा एक तुकडा, आणि कोपऱ्यात वजनासाठी डिंकानं चिकटवलेले लोखंडी नट-बोल्ट.

अध्यक्ष खाली बसले. “म्हणजे आज दुपारी ती पहिली दुकानात गेली असती तर...”

फितींवर लेप उरलेला नव्हता.

“दुकानदारानं फसवलं आम्हाला,” चिटणीस म्हणाला.

“दुकानदारानं दोन्ही सीलबंद आणि सारख्याच दिल्या,” वहिनी म्हणाल्या. “त्याला स्वतःला दुसरीचं कोडं पडलं होतं, फसवणारा असता तर त्यानं तयार उत्तर दिलं असतं. दुकानातून आल्यावर कुणीतरी ही बदलली. टेपताईनं हिला हात लावलेला नाही. उरलं कोण, ते मला चिठ्ठी सांगेल असं वाटतं. भावजी, ही चिठ्ठी जरा बघा.”

मी पाहिलं. अक्षर माझंच. पण चिठ्ठी तिरकी होती. मी चिठ्ठी तिरकी लावत नाही. माझ्यात फारसे गुण नाहीत, पण पट्टी धरून लावतो.

“ही मी चिकटवलेली नाही,” मी म्हणालो. आणि मग मला आठवलं. “ही मी नुसती लिहून दिली. पहिली चिठ्ठी गळून पडली म्हणून...”

माझं वाक्य तिथेच अडलं, कारण ती कुणी मागितली होती तो माणूस माझ्यासमोर उभा होता आणि त्याच विश्वासानं माझ्याकडे पाहत होता. या वेळी मान डोलावणं मला कसं टाळता आलं ते सांगता येणार नाही.

“चिटणीसांनी मागितली होती,” मी म्हणालो. “कॉपी करायच्या आधी.”

चिटणीसानं नाकारलं नाही. दुसरी डिस्क तशीच पडून होती म्हणून त्यानं ती मुलीच्या नाचाची चित्रफीत घ्यायला घरी नेली, आणि जिन्यात ती हातातून सुटली. पुन्हा चालूच झाली नाही. बसस्थानकाजवळच्या एका हातगाडीवर अगदी तशीच दिसणारी मिळाली.

“ती खोटी आहे हे मला माहीत नव्हतं, साहेब. शपथेवर सांगतो. उलट हिच्यात जास्त दिसतंय म्हणून मला बरंच वाटलं.”

“ते मी मानते,” वहिनी म्हणाल्या. “पण टेपताईला पत्र गेलं त्या दिवशी तुम्हाला एवढं तरी माहीत होतं की बदललेली डिस्क तिची नाही, तुमची आहे.”

चिटणीसानं पेचकस उचलून खिशात घातला. टेपताईनं पहिली डिस्क टेबलावरून उचलली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

७

इथे रहस्य संपतं. काम मात्र संपलं नव्हतं.

अध्यक्षांनी दुकानाच्या माणसाला फोन करून यायचं नाही म्हणून सांगितलं. टेपताईची माफी मागितली, नीट मागितली. मग म्हणाले, “पण तिला काढण्याचा निर्णय कार्यकारिणीचा आहे, कागदावर झालेला. कागदाशिवाय तो फिरणार नाही. चिटणीस, तुम्ही लिहून द्या.”

चिटणीसानं हात जोडले. “साहेब, तोंडी सगळ्यांसमोर सांगितलं की मी. लेखी नको. माझी नोकरी...”

मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अध्यक्ष जरा ओशाळून म्हणाले, “तुम्हाला मी एक पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.”

“येईल,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचे मसुदे तयार आहेत.”

घरी येताना आम्ही चालतच आलो. मी म्हणालो, “वहिनी, त्यानं माझी रोज विचारपूस केलीय हो. चहा आणून दिलाय.”

“मग?”

“माझ्या पत्रानं त्याचं काम जाईल.”

“जाईल किंवा राहील, ते कार्यकारिणी बघेल. न लिहिल्यानं हिचं नक्की जाईल.” त्या थोडं पुढे चालल्या. “वजन जप्त करताना मलाही वाईट वाटायचं. घरी येऊन तुमच्या भावापाशी रडलेय मी. पण बाजारात वजन सोडून कधी आले नाही.”

हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या रस्त्यावरच्या फळवाल्याचा काटा तिरक्या नजरेनं तपासत होत्या.

टेबलाशी बसून मी लिहिलं. ‘होय, सहायिकेने क्रमांक एकची डिस्क पिशवीत घालून नेल्याचे मी पाहिले. ती रोज नेत असे, आवाज नीट उतरला आहे की नाही ते शांत जागी ऐकण्यासाठी, आणि रोज परत आणत असे. आज संस्थेकडे जे आवाज आहेत ते त्याच डिस्कवर आहेत. क्रमांक दोनसाठी मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. दुसरी चिटणीसांनी मागून नेली, आणि मी कारण तपासले नाही.’ वाचून पाहिलं. ‘तपासले नाही’च्या जागी ‘तपासायला हवे होते’ असं केलं. मग आणखी काही बदलावंसं वाटू लागलं, तेव्हा पाकीट बंद केलं.

पत्र मी स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. टाकल्यावर सवयीनं फटीत बोटं घालून पाहिली, अजून परत काढता येतं का. बोटं पत्रापर्यंत पोचली नाहीत.